अथातो श्वानजिज्ञासा : खानदेशपुरती

काही माणसांना पोरांपेक्षा कुत्री जास्त का आवडतात, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी भलत्या ठिकाणी विचारला जातो. कॉलनीच्या मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, नाहीतर बारशाच्या पंगतीत. म्हणजे जिथे उत्तर ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कोणीच नसतं. वास्तविक हा संशोधनाचा विषय आहे, आणि संशोधन म्हटलं की पहिला मान धुळ्याचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावात देह ठेवला आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळही इथेच उभं राहिलं. राजवाड्यांनी भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहायला घेतला. श्वानसंस्थेचा राहून गेला. ती उणीव भरून काढायची आमची छाती नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तेवढाच या प्रबंधाचा हेतू. पुढे कोणी विद्वान चढला तर आम्ही सरकून बसू.

प्रथम क्षेत्रमर्यादा. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. महसुलासाठी ते सोयीचं असेल. श्वानवात्सल्याच्या दृष्टीने ही विभागणी आम्हाला मान्य नाही. जळगावच्या लॅब्रॅडॉरचे लाड आणि धुळ्याच्या पामेरियनचे लाड यांत मालकाच्या ऐपतीचा फरक असेल, पण तत्त्व एकच. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला तो झाला. मात्र पुढे पुराव्यासाठी सारंगखेड्यापुरता आम्ही तो तात्पुरता परत घेणार आहोत.

आता व्याख्या. समोरून एक बाई कडेवर बाळ घेऊन येते आहे आणि तिच्या मागून कोणाचं तरी कुत्र्याचं पिल्लू लुटूलुटू येतं आहे, अशा वेळी जो आधी पिल्लापाशी वाकतो आणि मग, बाईच्या नजरेला नजर भिडल्यावर, बाळाचा गालगुच्चा घेतो, तो श्वानवत्सल. शेताच्या राखणीला कुत्रा ठेवणारे यात येत नाहीत. ज्योतिषाने सांगितलं म्हणून शनिवारी काळं कुत्रं हुडकत गल्ल्या पालथ्या घालणारे आणि सापडल्यावर पोळी लांबूनच फेकणारेही येत नाहीत. त्यांचं प्रेम कुत्र्यावर नसतं, साडेसातीच्या भीतीवर असतं.

शास्त्राधार पाहू जाता असं दिसतं की आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे आणि तितक्याच शिताफीने टाळलाही आहे. महाभारत कुत्र्यापासून सुरू होतं आणि कुत्र्यापाशी संपत आलेलं असतं. जनमेजयाच्या सत्रात त्याच्या भावांनी सरमा नावाच्या कुत्रीच्या पिल्लाला विनाकारण बडवलं. पिल्लू रडत आईकडे गेलं. आई थेट राजाच्या मंडपात जाब विचारायला आली आणि उत्तर मिळेना तेव्हा शाप देऊन परतली. शाळेत मास्तरांनी मारलं म्हणून पदर खोचून हेडमास्तरांच्या खोलीत शिरणारी आई आणि ही सरमा यांच्यात शापाच्या मजकुरापलीकडे काही अंतर नाही. म्हणजे इथे कुत्रं आणि पोर हा वादच उरत नाही. कुत्रंच पोर आहे.

शेवटाकडे मात्र गुंता होतो. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीम पडले. धर्मराज मागे न बघता चालत राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, हे कुत्रं इथेच सोड, तेव्हा मात्र धर्मराज अडून बसला. टीकाकार म्हणतात, तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म होता आणि ती परीक्षा होती. मान्य. पण धर्मराजाला हे आधी ठाऊक नव्हतं, हा मुद्दा टीकाकारांच्या लक्षात येत नाही. त्याच्या दृष्टीने ते एक वाटेत मागे लागलेलं कुत्रं होतं, जे पाच माणसं पडली तरी चालत राहिलं होतं आणि ज्याने आख्ख्या रस्त्यात द्यूताचा विषय एकदाही काढला नव्हता.

नामदेवांचं प्रकरण त्याहून नाजूक. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी पोळी घशाला लागेल म्हणून. हे चित्र महाराष्ट्रातल्या निम्म्या देवघरांतून टांगलेलं आहे. आता नामदेवांना नारा, विठा, गोंदा आणि म्हादा असे चार मुलगे होते, हे परंपरेनेच सांगितलं आहे. यांच्यापैकी एकाच्याही मागे बाप तुपाची वाटी घेऊन धावतो आहे असं चित्र कुठल्याच देवघरात नाही. चौघांनी कोरडी पोळी कधी पळवलीच नसेल, असं म्हणणं चार मुलगे असलेल्या घराचा अनुभव नसलेल्यांनाच शोभेल. नामदेवांनी सर्वांभूती पाहिला तो ईश्वर, हे खरंच. पण त्या वाटीतलं तूप घरात आलं कसं आणि किती होतं, हे राजाईला ठाऊक असणार, आणि राजाईचा जबाब या खटल्यात कोणी नोंदवलेला नाही.

सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद होत, असं आपण लहानपणापासून ऐकतो. यात्रा मात्र घोड्यांची. लाखालाखाचे घोडे तिथे उभे असतात, त्यांच्या दातांत हात घालून वय बघणारी माणसं असतात, आणि वेद मांडवाबाहेर भज्यांच्या गाडीपाशी आशाळभूतपणे बसलेले असतात. यावरून खानदेशी माणूस व्यवहारात प्रेमाला पैशापासून वेगळं ठेवतो, एवढाच निष्कर्ष आम्ही काढतो.

पुराणातली वांगी पुराणात. इतिहासात यावं तर इथे कागद आहेत आणि ते पोरांच्या बाजूने फारसे नाहीत. विलायतेत प्राण्यांवरची क्रूरता थांबवणारी संस्था १८२४ साली निघाली. मुलांवरची थांबवणारी लंडनची संस्था १८८४ साली. मधली साठ वर्षं इंग्रज पोरांनी काय केलं, ते डिकन्सने लिहून ठेवलं आहे. अमेरिकेत तर कमालच झाली. न्यूयॉर्कमध्ये १८७४ मध्ये मेरी एलन नावाच्या एका मुलीचा घरात छळ चालला होता. तिला सोडवायला शेवटी कामी आला तो प्राणिदया संस्थेचा संस्थापक हेन्री बर्ग, आणि मुलांसाठीची संस्था त्यानंतर निघाली. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा हिंदुस्थानभरचा कायदा १८९० चा आणि मुंबई इलाख्याचा बालकांचा कायदा १९२४ चा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचा दवाखाना एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात चालू झालेला होता. त्याच परळात बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय यायला १९२९ उजाडलं. त्याच्याही आधी, जून १८३२ मध्ये, सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली म्हणून मुंबईत पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडले, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. शाळेला छप्पर नाही म्हणून एवढा दंगा आपल्याकडे कधी झाला, असं कोणी दाखवून दिलं तर आम्ही हा परिच्छेद मागे घेऊ.

पोरांच्या बाजूने ठाम उभी राहिलेली एकच संस्था आम्हाला आढळली, ती म्हणजे रेल्वे. आणि रेल्वेचा विषय निघाला की जळगाव जिल्ह्याला बोलायचा अधिकार आहे, कारण भुसावळ याच जिल्ह्यात आहे. पाच वर्षांखालचं पोर गाडीत फुकट. कुत्र्याला मात्र एकतर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे आपल्या नावावर हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. सरकारच्या लेखी पोर हा प्रवासी आणि कुत्रा हे सामान. पण ‘सामानाचं’ लोक काय करतात आणि ‘प्रवाशाचं’ काय करतात, हे भुसावळच्या एका निवृत्त तिकीट तपासनिसांनी सांगितलं. ते म्हणाले, “साहेब, सात वर्षांच्या पोराला आई सांगते, चारचा आहे. पोरगं मध्येच म्हणतं, नाही, मी दुसरीत आहे. मग त्याला तिथल्या तिथे चापट बसते. टोपलीत लपवलेलं पिल्लू भुंकतं तेव्हा त्याला कोणी मारत नाही. बिस्किट देतात.” पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हेच तत्त्वज्ञान मिळालं आणि आम्हालाही त्यावर फारशी भर घालता आलेली नाही.

विज्ञान काय म्हणतं, तेही लगे हात पाहू. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन पंडिताने १९४३ मध्ये सांगितलं की मोठं डोकं, मोठे डोळे, गुबगुबीत गाल असं काही दिसलं की माणसाला आपोआप पाझर फुटतो. ही सोय निसर्गाने पोरांसाठी केली. कुत्र्याच्या पिल्लांनी तिचा फायदा घेतला. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की मालक आणि कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन वाढतं, तेच जे आई बाळाकडे बघते तेव्हा वाढतं. २०१९ मध्ये आणखी एक शोध लागला: कुत्र्याच्या भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक स्नायू असतो, तो लांडग्यात जवळपास नसतोच. म्हणजे माणसाबरोबर हजारो वर्षं राहून कुत्र्याने एकच व्यायाम केला, केविलवाणं तोंड करण्याचा. दहावीच्या मुलाला हा स्नायू जन्मजात असतो. पण तो वापरायचा फक्त गाडीची चावी मागताना, एवढंच त्याला समजतं.

याच ओघात एका अमेरिकन प्रयोगाचा उल्लेख केला पाहिजे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २५६ कॉलेज विद्यार्थ्यांना मारहाणीची एक बनावट बातमी वाचायला दिली. कोणाच्या बातमीत मार खाणारं एक वर्षाचं बाळ होतं, कोणाच्या बातमीत तिशीचा माणूस, कोणाच्या पिल्लू, कोणाच्या सहा वर्षांचा कुत्रा. बाळ आणि पिल्लू यांच्याबद्दल विद्यार्थ्यांना सारखाच कळवळा आला. मोठा कुत्रा बाळाच्या मागे राहिला. सगळ्यांत शेवटचा नंबर तिशीच्या माणसाचा. आमच्या विषयावर याने लख्ख उजेड पडतो. कुत्र्याची स्पर्धा बाळाशी नाहीच. पोर मोठं होऊन बसतं, तिथून खरी गडबड सुरू होते.

हे हाती धरून आम्ही प्रत्यक्ष प्रमाणाकडे वळलो.

जळगावात मेहरूण तलावाच्या काठी पहाटे फिरायला येणाऱ्यांत एक पद्धत दिसते. माणसाला माणसाचं नाव ठाऊक नसतं. एके काळी हीच माणसं शाळेच्या फाटकापाशी ‘रोहनचे पप्पा’ होती. रोहन बारावी झाला, पुण्याला गेला, तिथून बंगळुरूला गेला, आणि पप्पांचं नाव रिकामं पडलं. आता ते ‘ब्रुनोचे पप्पा’ आहेत. त्यांच्यात होणारं संभाषण आम्ही बाकावर बसून जसंच्या तसं उतरून घेतलं:

“काय ब्रुनो, आज सुस्त दिसतोय?”

“रात्रभर झोपला नाही हो काका. एसी बंद पडला होता.”

“मग डॉक्टरला दाखवलं का?”

“दाखवलं. म्हणे पोट साफ आहे, नाकही ओलं आहे, काळजी नाही. सकाळी दही-भात दिला, अर्धा खाल्ला. थोडं केळ खाल्लं.”

“आणि रोहन काय म्हणतो?”

“बरा असेल.”

धुळ्यात देवपुरातल्या एका घरी भाषेचा अभ्यास करता आला. घरातले नाना निवृत्त मुख्याध्यापक, बोलणं शुद्ध अहिराणी. त्यांचा नातू पुण्यात इंग्रजी शाळेत. तो सुटीत आला की नाना आणि नातू यांच्यात दुभाषी म्हणून सुनेला बसावं लागतं. कुत्र्याचं नाव टायगर. त्याच्याशी नाना फक्त इंग्रजीत बोलतात: सिट, कम, नो, गुड बॉय. खानदेशात कुत्र्याला इंग्रजीच समजतं, असा सार्वत्रिक समज आहे. साहेब गेला आणि भाषा टॉमीला देऊन गेला. नानांची सबंध इंग्रजी या चार आज्ञांत मावते आणि टायगर त्या चारही पाळतो. नातवाला त्याच चार आज्ञा दिल्या तर तो पाचवं वाक्य बोलतो, जे नानांना समजत नाही. अशा स्थितीत नानांनी कोणाजवळ बसावं, हे सांगायला ऑक्सिटोसिन मोजायची गरज नाही.

आम्ही त्यांना सरळच विचारलं. नाना उत्तराच्या तयारीने पान लावत होते, तेवढ्यात आतून आजी म्हणाल्या, “पोर्‍या पैसा मांगस, टायगर भाकर मांगस. भाकर घरमा शे.” नानांनी पान तोंडात टाकलं आणि विषय संपला. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, टायगरच्या पाठीवर हलकीशी थाप मारून म्हणाल्या, “पोर्‍याले दोन शब्द बोलनू का तो फोन ठेवी देस. याले बोलनू का हाऊ शेपटी हालावस.”

आता कूलर-कसोटी. हे आमचं या शास्त्राला दिलेलं स्वतःचं योगदान असल्याने जरा विस्ताराने सांगतो. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि घरातल्या सगळ्या नात्यांचा निकाल कूलरसमोर लागतो. लोखंडी पेटीचा मोठा कूलर, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, दुपारी दोनदा बादलीने पाणी. त्याच्या झोताची थेट रेषा साधारण एका गादीएवढी. तिच्यात जो झोपतो तो घरातला सर्वांत प्रिय जीव, असं खुशाल समजावं. पूर्वी हा मान आजोबांचा, जावई आले तर जावयांचा, आणि वर्षातून एकदा ज्याची परीक्षा असेल त्याचा असे. या यादीत घरातली बाई कुठेच नाही, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. ती बादली भरत असते. हल्ली त्या गादीएवढ्या फरशीवर लॅब्रॅडॉर पालथा पडलेला दिसतो. त्याच्या बाजूने एक शास्त्रीय मुद्दा असा आहे की कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, पंज्यांच्या गादीला तेवढा येतो. बाकी उष्णता त्याला जीभ काढून घालवावी लागते. एका हौशी व्यापाऱ्याने तर जळगावात हस्की आणला. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला घडलेला तो प्राणी मे महिन्यात एसीच्या खोलीत बसून असतो आणि त्याच्या खोलीचं दार उघडं टाकलं म्हणून धाकट्या मुलाला बोलणी बसतात.

स्वयंपाकघरातला पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा, हे खरं आहे. आणि कांदा-लसूण काढला तर खानदेशी स्वयंपाकात उरतं काय? शेवभाजी गेली, काळ्या मसाल्याचा रस्सा गेला, हिरव्या मिरच्या-लसणात ठेचलेलं भरीत गेलं. तेव्हा श्वानवत्सल घरात दोन स्वयंपाक होतात. चातुर्मासात सासूबाईंसाठी बिनकांद्याचं वेगळं करायचं तेव्हा याच ओट्यावर भांडी आपटल्याचा आवाज येत असे. आता येत नाही.

मग सिद्धांत काय? तो आम्हाला एका शाळेच्या भिंतीवर सापडला. विद्यार्थ्याची पाच लक्षणं सांगणारं जुनं सुभाषित गावोगावच्या शाळांत रंगवलेलं असतं: कावळ्याची धडपड, बगळ्याचं ध्यान, कुत्र्याची झोप, बेताचं जेवण आणि घराचा त्याग. म्हणजे आदर्श मूल कसं असावं, तर पाचातलं एक लक्षण कुत्र्याचं असावं, असं परंपरा स्वतःच सांगते. धुळे-जळगावच्या पोरांनी या पाचांपैकी नेमकं शेवटचं मनावर घेतलं. बारावीनंतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जी पोरं पुण्याला गेली, ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला येतात, तीही रजा मिळाली तर. कुत्र्याची झोप मात्र कुत्र्यापाशीच राहिली. रात्री फाटक वाजलं की घरात जागा होणारा आता तो एकटाच.

चाणक्याच्या नावावर चालणारा दुसरा श्लोक याला जोडून घ्यावा. पाच वर्षं पोराचे लाड करावेत, पुढे दहा वर्षं धाकात ठेवावं, सोळावं लागलं की मित्रासारखं वागवावं. यातला पहिला टप्पा कोणालाही जमतो. दुसरा खानदेशी बापाला फार छान जमतो. तिसऱ्यापाशी गाडी अडते. ज्याची ढोपरं आपण धुतली, तो एक दिवस समोर बसून आपली कपाशी कशी तोट्यात आहे हे मोबाइलवर आकडे दाखवून सांगतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. याला मित्र म्हणायचं! कुत्र्याची गोष्ट निराळी. त्याचं आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षं. सोळाव्यापर्यंत तो सहसा पोचतच नाही. त्याला मित्रासारखं वागवायची पाळी शास्त्राने मालकावर आणलेलीच नाही. पहिल्या टप्प्याचे लाड शेवटपर्यंत चालू ठेवता येतात आणि कोणी बिघडला असं म्हणत नाही.

आणि लाड म्हणजे तरी काय? पोराचे लाड हे आपल्याकडे नेहमी उधारीवर असतात. गोडधोड खाऊ घालतानाही मनात दहावीचे टक्के असतात, टक्क्यांमागे कॉलेज, कॉलेजमागे पॅकेज, पॅकेजमागे स्थळ. पोरगं घास गिळतं तेव्हा या सगळ्याचा हप्ता गिळतं आणि त्याला ते कळतं, म्हणूनच ते चौथ्या घासाला उठून जातं. टायगरला मात्र काहीच व्हायचं नाही. तो डॉक्टर होणार नाही, स्पर्धा परीक्षेत पाच वर्षं घालवणार नाही, शेजारच्या ब्रुनोने नव्वद टक्के पाडले म्हणून घरात तोंड पाडून बसणार नाही. त्याच्या बाबतीत बापाला पहिल्यांदाच नुसतं आवडून घेता येतं. श्वानवत्सल माणूस पोरांना कंटाळलेला नसतो. तो पालकपणाला कंटाळलेला असतो आणि त्या नोकरीतून त्याने संध्याकाळची रजा टाकलेली असते. पोराला हे प्रेम हेवा करण्यासारखं दिसतं, कारण त्याला ते मिळालेलं नसतं. पोराला मिळालं होतं ते चिंतेचं प्रेम, जे जास्त खोल असतं असं सगळे बाप म्हणतात. पण खोल पाण्यात कोणाला हौसेने पोहायला आवडतं?

एक पूर्वपक्ष इथे उभा राहतो. वंशाचा अभिमान म्हणून कुत्रा पाळणारे आहेत, त्यांचं काय? लॅब्रॅडॉरची तीन-चार पिढ्यांची कागदपत्रं घरात लॅमिनेट करून ठेवणारा मालक आम्ही पाहिला आहे. स्वतःच्या पणजोबांचं नाव त्याला नाशिकच्या उपाध्यांच्या वहीतून काढावं लागलं. हा वर्ग वेगळा. त्याला कुत्रा आवडत नाही, कुत्र्याचा बाप आवडतो.

खरा आक्षेप धुळे जिल्ह्यातल्या ठेलाऱ्यांकडून येतो. साक्रीकडचे हे मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरं घेऊन निघतात. चालत्या वाड्यातला घोडा जवळून पाहिला तर त्याच्या पाठीवर आख्खं घर असतं: गोधड्या, भांडी, कोंबड्या, त्या दिवशीच जन्मलेलं कोकरू, आणि या सगळ्यांच्या मध्ये बांधलेलं, झोपलेलं पोर. कुत्री घोड्याच्या दोन्ही अंगांनी चालतात, पाय दुखले तरी चालतात, कारण रात्री वाड्याभोवती लांडगा फिरणार असतो. तिथे कोणाला विचारलं की तुम्हाला पोर जास्त आवडतं की कुत्रं, तर तो आधी आपल्याकडे नीट बघतो आणि मग मेंढरांकडे वळतो. पोराला कोकराची कामं, कुत्र्याला राखणीची. भाकर दोघांना एकाच थाळ्यातली. प्रेमाचा प्रश्न पडायला दोघांपैकी एकजण तरी बिनकामाचा असावा लागतो. आमच्या कॉलन्यांत दोघेही आहेत.

या विषयाची एक बाजू थट्टेची नाही, ती टाळता येणार नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटींवर मोकाट कुत्री मोजली गेली, त्यातली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, आणि लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. पोटातली चौदा इंजेक्शनं गेली, आता दंडात चार-पाच घेऊन भागतं. पण ती वेळेवर आणि सगळी घ्यावी लागतात. स्वतःच्या टायगरला लस टोचून आणणारा आणि कोपऱ्यावरच्या कुत्र्यांना रात्री बिस्किटं टाकणारा माणूस त्या कोपऱ्यावरून क्लासला जाणाऱ्या परक्या पोराचा विचार करतोच असं नाही. सरकारने तो केला: २०२३ च्या नियमांत खाऊ घालायच्या जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि जिन्यापासून लांब असाव्यात असं लिहिलं आहे, आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारांतून मोकाट कुत्री हलवायला सांगितलं. आम्ही न्यायालयाच्या बाजूने आहोत. आमच्या परिचयाचे काही श्वानवत्सल यावरून आमच्याशी बोलत नाहीत. त्यांची कुत्री बोलतात.

शेवटी, प्रयोगाची सिद्धता. कुठलाही सिद्धांत प्रतिकूल परिस्थितीत तपासावा, या न्यायाने आम्ही आखाजीची वाट पाहिली. आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, शाळांना सुटी असते आणि ऊन असं की कावळा सावली सोडत नाही. देवपुरातल्या त्या घरी मुलगा-सून आली, लेक दोन पोरांसह आली. धाकटी नात टायगरला घाबरते म्हणून नानांनी त्याला मागच्या पडवीत बांधलं, स्वतः बांधलं, आणि वर ओलं पोतं टाकलं. कूलरसमोरची गादी मोकळी झाली. आता त्या जागेवर नाना कोणाला बोलावतात, यावर आमच्या प्रबंधाचं भवितव्य होतं. नातवाला बोलावलं तर रक्त जिंकलं. स्वतः आडवे झाले तर चाणक्य खोटा. चोरून टायगरला आत आणलं तर आमचा विजय.

नाना बराच वेळ उभे राहिले. नातू मोबाइल घेऊन दारात उभा. मागून टायगरचं कुईकुई. मुलगा सोफ्यावरून म्हणाला, “बाबा, तुम्ही झोपा ना.” आजी बादली घेऊन आल्या, कूलरमध्ये पाणी ओतलं आणि गादीकडे बघून हसायला लागल्या. गादीच्या बरोबर मध्यभागी, झोताच्या थेट रेषेत, एक मांजर पाय ताणून झोपलं होतं. ते त्या घरचं नव्हतं. कोणाचं आहे हे गल्लीत कोणालाच सांगता येईना, आणि त्याला उठवायची कोणाची हिंमत झाली नाही.